धावदोरा की काजं

६ जानेवारी

वहिनी,

काल फोन मी आपटला, पण परवा तू आपटला होतास, तेव्हा फिटंफाट. आपण दोघी फोनवर आलो की भांडण ठरलेलंच, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस.

आधी पक्की बातमी. मोठं आतडं काढायचंच आहे, औषधांनी हात टेकले. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढणार आणि त्यावर मळ साठवायची पिशवी, तुझ्यासारखीच, कायमची. दवाखान्यात सोबत आला होता तेव्हा दादा म्हणाला, आजार घरच्या सुनेचा, तो नणंदेनं कसा काय उचलला. मला हसवायला म्हणाला आणि मग स्वतःच तोंड फिरवून बसला.

आता ज्यावरून आपलं वाजलं ते. ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. एक जुनी तऱ्हा, बेंबीच्या वरखाली पोट उघडून, तुझं केलं तशी. दुसरी दुर्बिणीची, चार-पाच बारीक भोकं पाडून. दुर्बिणीला वेळ जास्त लागतो, पण दुखतं कमी म्हणे आणि माणूस लवकर उठतो. मात्र माझ्यासारख्या पिशवीवाल्या पेशंटला शेवटी कुठली जास्त मानवते, हे आम्हाला अजून ठाम सांगता येत नाही, असं सर्जनबाई सरळ म्हणाल्या. म्हणून इथे एक अभ्यास चाललाय. कोणाला कुठली तऱ्हा, त्याची चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. पेशंटला ते सांगत नाहीत. सगळ्यांच्या पोटावर सारखीच भली मोठी पट्टी, आणि किती दुखतं ते विचारायला येते त्या नर्सलाही आत काय आहे ते ठाऊक नसतं. पट्टी निघते त्या दिवशी कळतं.

मी हो म्हणाले. तू ओरडशील, ओरड. मला निवडता येत नव्हतं, वहिनी. आमच्या काचेच्या कारखान्यातला सगळ्यात मोठा गोल बुडाचा चंबू मी फुंकते, दुसऱ्या कोणाला तो साधत नाही. तो श्वास गालातून येत नाही, बेंबीच्या खालून येतो. तिथे सुरी चालली तर तो परत येईल का, हे मला कोणीच सांगत नाही. मालकांनी माझा कामाचा बाक उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवतो म्हटलंय. त्यानंतर तो बाक दुसऱ्या कोणाचा.

तुझी,
धाकटी

११ जानेवारी

आदरणीय वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. चिठ्ठ्या टाकून खेळात राज्य कोणावर ते ठरवतात, पोटं कापत नाहीत. शिकलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, पण स्वतःच्या आतड्याची सोडत काढणारी तुम्हीच पहिली. दुर्बिणीचंच करा म्हणून हट्ट धरायला तुमची जीभ का झडली होती? माझ्याशी भांडताना तर ती बरी चालते.

हे लिहून झाल्यावर मी चहा प्यायले. आता नीट लिहिते.

माझं पोट उघडलं तेव्हा दुर्बिणीचं नाव आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत व्रण आहे, तुझ्या दादानं त्याला हमरस्ता असं नाव ठेवलंय. खोकला आला की उशी पोटाशी धरायचे. पण खरं सांगू, तो हमरस्ता मला नंतर कधी आडवा आला नाही. आडवी आली ती पिशवीची जागा. घाईचं ऑपरेशन, मला आडवं झोपवून कोणीतरी पेनानं फुली मारली आणि चालते झाले. आणि माझा धंदा काय, तर गाडी शिकवणं, दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं. सीटबेल्टचं बक्कल बरोबर त्या फुलीवर येतं. इतकी वर्षं मी स्पंज कापून मध्ये घालते आहे. हल्ली जरा जास्तच घासतं, पण ते जाऊ दे.

म्हणून एक ऐक आणि यात भांडू नकोस. चिठ्ठी कुठलीही निघो, फुली तर दोन्हींत मारतातच. ती मारताना झोपायचं नाही. उभी राहा, बस, वाक. कामावर जशी बसतेस तशी बसून दाखव, कातडी एप्रन नेऊन त्याची गाठ कुठे येते ते दाखव. हसले तर हसू देत.

आईंना सांगितलंय की तू नव्या भट्टीचं शिक्षण घ्यायला गेली आहेस. त्यांनी विचारलं, या वयात? मी म्हटलं, तुमचीच मुलगी. त्यांच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून मी येऊ शकत नाही, याचा मला फार राग येतो आहे. तो तुझ्यावर काढला, झालं.

वहिनी

२० जानेवारी

वहिनी,

उद्या सकाळी नेणार. तुझी आज्ञा पाळली, आणि वॉर्डात माझी शोभा झाली.

पिशवीची म्हणून एक खास नर्स आहे, बुटकी आणि फार बोलकी. तिला एप्रन दाखवला तर ती म्हणाली, बसून दाखवा. आता फुंकणीशिवाय मी काय दाखवणार? आमची फुंकणी म्हणजे माणसाएवढी लोखंडी नळी. बाकाला दोन्हीकडे लांब हात असतात, त्यांवर ती आडवी ठेवून एका हातानं फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं उजवीकडे झुकून काच घडवायची. शेवटी मी पॅसेजमधून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा आणला, दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा टाकला आणि काम सुरू केलं. मग उभी राहून फुंकूनही दाखवलं. सगळा वॉर्ड बघत होता. नर्सनं आधी नेहमीच्या जागी फुली मारली होती. मी उजवीकडे झुकले तर तिथे पोटाची घडीच पडली. मग तिनं ती पुसली आणि बरीच वर नेली. सर्जनबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर क्वचितच काढतो, पण इथे शहाणपण तेच आहे.

शेजारच्या खाटेवर एक शिंपीण आहे. तीही याच अभ्यासातली, तिचं चार दिवसांपूर्वी झालं. पट्टीवर हात ठेवून बसते आणि म्हणते, आत धावदोरा आहे की काजं, देव जाणे. धावदोरा म्हणजे लांब चीर, काजं म्हणजे दुर्बिणीची भोकं. आता अख्खा वॉर्ड हेच बोलतो.

एक वचन दे. तू कोणाला फोन करून, गोड बोलून माझ्या पोटात काय आहे ते काढून घेऊ नकोस. हट्ट धरला तर सर्जनबाई मलासुद्धा सांगतील, पण मी विचारणार नाही. धावदोरा आहे असं कळलं तर मी श्वास घ्यायला घाबरेन. माहीत नसेल तोवर काजंच आहेत असं धरून मी श्वासाचे व्यायाम करणार. तुझ्या गाडीत तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो आणि तो तू उगाच दाबतेस, सगळे शिकाऊ हेच सांगतात. इथे दाबू नकोस.

भीती वाटते आहे. बस, तेवढंच.

धाकटी

२२ जानेवारी

आदरणीय वन्सं,

काल दुपारी तुझ्या दादाचा फोन आला, झालं म्हणून. ठरल्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला, एवढंच तो बोलला. वेळ जास्त म्हणजे दुर्बीण, असं मी लगेच ताडलं. माझी पैज काजांवर. हरले तर तुला गाडी फुकट शिकवीन, आणि तू गाडी चालवणं हे सगळ्या जगाच्या जिवावरचं काम आहे, तेव्हा पैज किती पक्की ते बघ.

दिलं वचन. ब्रेकवरून पाय काढला. आयुष्यात पहिल्यांदा.

तुला कोण म्हणतं मी उगाच दाबते? नावं कळव. नाहीतरी हल्ली शिकाऊंना आमचा मेकॅनिकच घेऊन जातो, मी ऑफिसात बसते. आईंकडे लक्ष द्यायला बरं पडतं.

खा, चाल, आणि नर्सशी भांडू नकोस. भांडणं माझ्यासाठी राखून ठेव.

वहिनी

२७ जानेवारी

वहिनी,

पेन्सिलनं लिहिते आहे, आडवं असलं की पेन चालत नाही.

पहिले दोन दिवस मी तुझ्या पैजेवर होते. दुखणं बेताचं होतं, नर्सला हात धरायला लावून मी खिडकीपर्यंत गेले. पिशवी बघितली, लाल तोंड बघितलं, आणि तू सांगितलं होतंस तसं त्याला नमस्कार म्हटलं. मग सगळं फिसकटलं. पोट फुगलं, पिशवी कोरडी. आतडं झोपलंय म्हणतात. नाकातून नळी घातली आहे. हिरवं पाणी येतं. ताप आहे.

सर्जनबाई म्हणाल्या, अजून थोडी वाट बघू, हललं नाही तर पुन्हा आत जावं लागेल. दादा खुर्चीवर बसून असतो आणि काही बोलत नाही. तो असा गप्प बसला की मला वाटतं त्याला काहीतरी सांगितलंय.

श्वासाचा व्यायाम होत नाही. मधोमध ओढ बसते. काजं असती तर मधोमध का ओढलं असतं?

आईला काही कळू देऊ नकोस.

धाकटी

३० जानेवारी

बाळ,

तुझं पत्र आत्ताच मिळालं. काही लिहू नकोस, उत्तर देण्याची तसदी घेऊ नकोस. आराम कर. डॉक्टर मंडळी हुशार आहेत, ती सांगतील तसं कर. तू फार सोशिक आहेस, आम्हाला सर्वांना तुझं कौतुक वाटतं. पुढच्या कामाचा आत्ता विचार करू नकोस. कामं काय, येतात जातात. जीव महत्त्वाचा.

आई बऱ्या आहेत. इकडची काळजी करू नये.

तुझीच,
वहिनी

४ फेब्रुवारी

वहिनी,

आतडं हललं. पुन्हा आत जावं लागलं नाही. पिशवीत पहिल्यांदा काही आलं तेव्हा शिंपिणीनं टाळ्या वाजवल्या. नळी निघाली, ताप उतरला, मी पातळ भात खाल्ला.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मला बाळ म्हटलेलं नाहीस. एकदाही नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा तू मला म्हणालीस, ऊठ, तोंड धू, अवतार काय केलायस. आणि आता बाळ, सोशिक, कौतुक. कामं येतात जातात, हे कोण लिहितंय? एक दिवस मी दांडी मारली तर तू मला आळशी म्हणायचीस.

मी समजले. दादाला बाहेर सांगितलं असणार, त्यानं तुला सांगितलं. धावदोरा आहे. तू विचारलं नसशील, वचन पाळलं असशील, पण कानावर आलेलं काढून थोडंच टाकता येतं. मला राग नाही.

काल मालक भेटायला आले होते. मी त्यांना सांगून टाकलं की बाक उंचाडीला द्या. उंचाडी माझ्या शेजारी काम करते, सात-आठ वर्षं माझा मोठा चंबू बघत बसली आहे. तिला कधीतरी जमेल. मालक काही वेळ टोपी हातात फिरवत बसले, मग बरं म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून खूप रडले. रडताना मधोमध ओढ बसत होती.

परवा पट्टी काढणार आहेत. आता त्यात काही नवीन नाही.

धाकटी

७ फेब्रुवारी

आदरणीय, अतिशहाण्या, दीडशहाण्या वन्सं,

डोकं ठिकाणावर आहे का? मला कोणीही काहीही सांगितलेलं नाही. तुझा दादा त्या दिवशी फोनवर आला, हॅलो म्हणाला आणि रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला असं रडताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं तू चाललीस. मग कागद घेतला आणि काय लिहावं ते सुचेना. जिची जायची वेळ आली तिला आळशी म्हणून शिव्या घालायच्या? म्हणून गोड लिहिलं. गोड लिहिता येत नाही मला, कसं येणार, कधी सवय केली नाही.

आणि तू त्यातून तुझ्या पोटातले टाके वाचलेस. बाक देऊन मोकळी झालीस. अगं, मी भ्यायले होते. एवढंच होतं त्यात. मला तू हवी होतीस, चीर लांब का आखूड ते गेलं चुलीत.

आता पट्टी निघाली असेल. काय असेल ते कळव. आणि मालकाकडे मी फोन करणार नाही. जीभ शिवशिवते आहे, पण करणार नाही. तो बाक तू दिलास, तूच मागून घे.

वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की नर्स धावत आली. हसताना पोट धरायला लागलं. मग रडलेही, ते तुला सांगणार नव्हते.

आता ऐक आणि बसून वाच. पट्टी निघाली. सर्जनबाईंनी हळूहळू कडा सोडवल्या, मी डोळे मिटून घेतले होते. शिंपीण शेजारून म्हणाली, अगंबाई, दोन्ही.

दोन्ही आहे, वहिनी. चार काजं आहेत, आणि मधोमध धावदोराही. चिठ्ठी दुर्बिणीची निघाली होती. दुर्बिणीनं सुरुवात केली, अर्धं कामही झालं, पण माझं आतडं इतकं सुजलेलं होतं की चिमट्यात धरलं की फाटायला लागलं. मग सर्जनबाईंनी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडलं. त्या म्हणाल्या, हट्टानं तसंच पुढे नेलं असतं तर तुम्ही आज माझ्याशी बोलत नसता. वेळ जास्त लागला तो त्यामुळे.

मी विचारलं, मग तुमच्या अभ्यासात माझी गणना कशात? तर म्हणे दुर्बिणीत. चिठ्ठी ज्याची निघाली त्यातच पेशंट मोजायचा, नाहीतर सगळे अवघड पेशंट एकाच पारड्यात जातात आणि तुलना खोटी पडते. पटलं मला. शिंपिणीला निव्वळ धावदोरा निघाला, आणि ती माझ्या आधी घरी गेली.

दोन महिने जड उचलायचं नाही, फुंकायचं तर नावच नाही. पुढे पट्टा बांधून बघा म्हणाल्या. होईल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, खात्री देत नाही.

मालकांना पत्र टाकलंय की घाई केली, बाक ठेवा. उत्तर नाही.

धाकटी

१७ फेब्रुवारी

वन्सं,

म्हणजे लग्न एकाशी आणि संसार दुसऱ्याशी, असं झालं तुमचं. पैज मी हरले की जिंकले ते तुझा दादा दोन दिवस ठरवतो आहे. गाडी मात्र शिकवणार नाही.

मालकाच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. पाय चालायला लागले की तिथे जाऊन उभी राहा. पत्र परत पाठवता येतं, उभ्या बाईला कसं परत पाठवणार?

वहिनी

२१ मे

वहिनी,

तू सांगितलंस तशी जाऊन उभी राहिले. एकदा नाही, दर आठवड्याला. मालक म्हणायचे, दिलेला शब्द मी आता उंचाडीकडून कसा काढून घेऊ? उंचाडीला मोठा चंबू जमायला लागला होता, बरा जमत होता. ते बघताना मला जो हेवा वाटला त्याला कुठल्याही नर्सकडे औषध नाही. शेवटी उंचाडीच म्हणाली, तिला एकदा फुंकू द्या, नाहीतर मला झोप लागणार नाही.

काल फुंकलं. पट्टा बांधला, पिशवी रिकामी करून घेतली, एप्रनची गाठ खाली मारली. भट्टीतून काच उचलली आणि उभी राहिले. पहिला श्वास मध्येच तुटला. व्रणावर असा चिमटा बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. गोळा एका बाजूला फुगला आणि वाकडा झाला. मालकांनी तो फोडून तुकड्यांच्या पिंपात टाकला. मी पाणी प्यायले आणि परत काच उचलली. या वेळी खालून जोर लावला नाही, हळूच ढकलत नेला, मध्ये दम घेतला. आधी कधी घेत नसे. गोळा आला. गोल आला. मग बाकावर बसले, उजवीकडे झुकून चंबूची मान घडवली, आणि झुकताना पिशवीला कशाचाही धक्का लागला नाही. मॉपचा दांडा आठवला आणि मला तिथेच रडू आलं. हात फिरवत राहावे लागतात म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

बाक आता आम्हा दोघींचा, आठवडा-आठवडा वाटून. मला बरं वाटतंय आणि वाईटही.

आता माझं भांडण. दादा परवा येऊन गेला आणि त्याच्या तोंडून निसटलं. तू डिसेंबरपासून गाडीत बसलेली नाहीस. बक्कलानं कातडी सोलली आहे, पिशवीभोवती पोट फुगून वर आलंय, आणि तू ऑफिसात बसून मेकॅनिकला पाठवतेस. म्हणजे मी धावदोरा की काजं करत रडत होते तेव्हा तू जखम लपवत बसली होतीस, आणि आईचं निमित्त सांगत होतीस. वहिनी, तुला लाज वाटायला हवी. मी बुटक्या नर्सला विचारलं. पिशवीची जागा बदलता येते. सर्जनबाई तपासतील, दुर्बिणीनं जमेल की उघडावं लागेल ते बघतील. आईला मी सगळं सांगते आणि माझ्याकडे घेऊन येते. पळवाट उरलेली नाही.

धाकटी

२६ मे

आदरणीय वन्सं,

तुमच्या दादाला चहा बंद केला आहे. चुगलखोराला चहा नाही.

आईंना तू काय सांगणार? मीच सांगितलं काल. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं, भट्टीचं शिक्षण घेऊन कोणी इतकं बारीक होत नाही. मग माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि तुझं काय? मग मी त्यांनाही सगळं दाखवलं.

घाबरले होते गं मी. एकदा उघडलेलं पोट परत त्यांच्या हातात द्यायचं म्हणजे जिवावर येतं. तुला फुलीबद्दल एवढं शिकवलं, स्वतःची बदलायला जाववेना. पण तो गोल गोळा वाचून काल पहिल्यांदा वाटलं की जावं.

पुढच्या सोमवारी येते. तुझ्या त्या बुटक्या नर्सला सांगून ठेव, मॉपच्या दांड्यानं माझं भागणार नाही. मेकॅनिक जुन्या गाडीची अख्खी सीट काढून देतोय, बेल्ट आणि बक्कलासकट. वॉर्डात ठेवू, मी त्यावर बसेन, पाय ब्रेकवर असल्यासारखे धरीन, मग मारा म्हणावं फुली. चिठ्ठ्या अजून काढत असतील तर माझीही टाक. कुठलीही निघो.

आणि एक. भूल उतरल्यावर मी डोळे उघडीन तेव्हा तू तिथे पाहिजेस, आणि आल्या आल्या भांडायला सुरुवात कर. बाळ म्हणालीस तर याद राख.

वहिनी